नेटवर्क नसताना लॅपटॉपचं वायफाय चालू ठेवलं तर बॅटरी लवकर उतरते का?

उतरते की, पण तुम्हाला वाटतंय तेवढी नाही ओ. बेळगावहून चोर्ला घाटातनं गोव्याला जाताना बसमध्ये लॅपटॉप उघडून बसलात आणि वायफाय तसंच चालू राहिलं, तर लॅपटॉपमधलं वायफाय कार्ड थोड्या थोड्या वेळानं एकेक चॅनेलवर, म्हणजे वायफायच्या ठरलेल्या रेडिओ पट्ट्यावर, जाऊन 'कोण हाय का' म्हणून हाक मारतंय आणि उत्तराची वाट बघतंय. २.४ गिगाहर्ट्झवर आपल्याकडं १३ चॅनेल, ५ गिगाहर्ट्झवर अजून बरेच, आणि ५ च्या काही चॅनेलवर रडारपण चालतं म्हणून आधी हाक मारायची परवानगीच नसते, तिथं राउटरचा बीकन, म्हणजे राउटर आपणहून 'मी हाय' म्हणून पाठवतो तो संदेश, यायची वाट बघत बसायचं, तो साधारण सेकंदाच्या दहाव्या भागाला एकदा येतो, म्हणून तिथं जास्त वेळ जातो.

तरी पण असा एक शोध, म्हणजे स्कॅन, काही सेकंदांचंच काम, मधल्या वेळात कार्ड बऱ्यापैकी गप्प असतं. खरी बॅटरी स्क्रीन आणि प्रोसेसर खातात, ब्राइटनेस निम्मा केला तर वायफाय बंद करण्यापेक्षा जास्त फरक पडतो, हे करून बघा.

हां, नेटवर्कची यादी उघडी ठेवून बसू नका, तेवढा वेळ स्कॅन परत परत होत राहतो. घरचा राउटर नाव लपवलेला असेल आणि ऑटो कनेक्ट चालू असेल तर लॅपटॉप खानापुरात काय निपाणीत काय, सगळीकडं त्याचं नाव घेऊन हाका मारत फिरतो, ते मला तर बॅटरीपेक्षा प्रायव्हसीसाठी जास्त खटकतं. प्रवासात सरळ एअरप्लेन मोड टाका, ब्लूटूथ पण बंद होतंय.