वहीतला रकाना

प्रिय,

तुझा मेसेज वाचला. पैठणीच्या दुकानाचं ऑनलाइन स्टोअर करायचंय, रिक्वायरमेंट, म्हणजे मालकांना नेमकं काय हवंय ते, गोळा करायचं काम तुझ्याकडे आलंय आणि पहिल्याच बैठकीत मालक म्हणाले, "सगळ्यांचं असतं तसंच करा." मग तू अठरा पानांची प्रश्नावली तयार केलीस. ती अजून पाठवली नसशील तर थांब. आधी माझा एक अनुभव ऐक.

रत्नागिरीकडच्या एका बागायतदार काकांसाठी आम्ही हापूसचं ऑनलाइन दुकान केलं होतं. जानेवारीत दोन लांबलचक बैठका झाल्या. मी सगळं लिहून घेतलं. रिटर्नचा भाग मात्र आधीच्या कपड्यांच्या प्रोजेक्टमधून जवळजवळ जसाच्या तसा उचलला: ग्राहकाने बटण दाबायचं, कुरिअरवाला माल घेऊन जाणार, माल पोचला की पैसे परत. काकांनी सही केली. मार्चअखेरीस पेट्या निघाल्या आणि आठवड्याभरात फोन सुरू झाले. हापूसमध्ये साका निघतो. बाहेरून फळ केशरी, घमघमतंय, आणि कापलं की आत फिकट, स्पंजासारखा गर. सुरी लागेपर्यंत ते विकणाऱ्यालाही कळत नाही. डझनात दोन फळं साक्याची निघतात तोवर बाकीची दहा खाऊन झालेली असतात. कापलेला आंबा कुरिअरने परत कोण पाठवणार? आमची सिस्टीम अख्खी ऑर्डर परत घ्यायची, दोन फळांचे पैसे देणं तिला येत नव्हतं. काकांच्या मुलीने पूर्ण एप्रिल रात्री बसून तो हिशेब हाताने केला. कागदावर सही काकांची होती, पण चूक माझी होती.

मग मी तिकडे गेले आणि दोन दिवस पॅकिंगच्या शेडमध्ये बसले. भाताच्या पेंढ्यात आंबे पिकायला आढी लावलेली, शेजारी रिकाम्या पेट्या, आणि काकू कानाला फोन लावून वही लिहीत होत्या. प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यांचा पहिला प्रश्न एकच: "खायचाय कधी?" मुंबईच्या एका बाईंना अक्षय्य तृतीयेला नैवेद्यासाठी तयार फळ हवं होतं. काकूंनी बोटांवर दिवस मागे मोजले आणि कुठल्या आढीतली पेटी कधी सोडायची ते ठरवलं. वहीत त्यासाठी स्वतंत्र रकाना होता: 'खायचा दिवस'. आमच्या तीस पानी डॉक्युमेंटमध्ये डिलिव्हरीची तारीख होती, खायचा दिवस कुठेच नव्हता. मी विचारलं, "काकू, हे बैठकीत का नाही सांगितलंत?" त्या म्हणाल्या, "अगं, यात सांगण्यासारखं काय आहे?"

हे वाक्य मी आजवर विसरलेले नाही. धंद्यात मुरलेल्या माणसाला जे सगळ्यात पक्कं ठाऊक असतं, तेच तो बोलून दाखवत नाही, कारण ते जगालाच ठाऊक आहे असं त्याला वाटतं. प्रश्नावलीत ते येणार नाही. ते काम करणाऱ्या हातांत दिसतं, फोनवर ऐकू येतं, वहीच्या रकान्यात सापडतं. म्हणून "तुम्हाला काय हवं?" हे विचारू नकोस. "फसलेल्या शेवटच्या पाच ऑर्डरी सांगा" असं म्हण. माणसं मनापासून बोलू लागतात, आणि नियम त्यांच्या गोष्टींतून आपोआप बाहेर येतात.

काही शब्द कानावर पडले की तिथेच थांब. "शक्यतो." "सहसा तसं होत नाही." आणि सगळ्यात महत्त्वाचं, "ते आपण बघून घेऊ." हापूसचा दर हंगामात उतरत जातो. मार्चमध्ये बुक केलेली पेटी मेमध्ये गेली तर दर कुठला लावायचा, असं मी विचारलं तेव्हा काका हेच म्हणाले होते. दुकानात ते खरंच बघून घेतात. गिऱ्हाईक ओळखीचं असतं, थोडं इकडेतिकडे होतं. कोडला मात्र माणूस ओळखता येत नाही. त्याला नियम लागतो, आणि तो नियम मालकानेच द्यायला हवा. तो आपण ठरवला तर आपण त्याच्या धंद्यात परस्पर निर्णय घेतला असं होतं.

तुझ्या पैठणीचंच बघ. हातमागाची एक पैठणी म्हणजे बहुतेकदा एकच नग. साइटवर कोणी पैसे भरतंय आणि त्याच क्षणी दुकानात गादीवर तीच साडी उलगडलेली आहे. ती कोणाची? फॉल-पिको झालेली साडी परत घेणार का? मोबाइलच्या फोटोत मोरपंखी रंग निळा दिसला तर ती कोणाची चूक? हातमाग की यंत्रमाग, हे प्रत्येक साडीखाली स्पष्ट लिहायला ते तयार आहेत का? हा शेवटचा प्रश्न विचारायला अवघड आहे, पण विचार.

लिहिताना असं लिही की ते खोटं पाडता येईल. 'रिटर्न सोपं असावं' हे वाक्य कोणीच तपासू शकत नाही. आम्ही नंतर लिहिलं: 'कापलेल्या फळाचा फोटो मुदतीत आला तर त्या फळापुरतेच पैसे परत, फळ मागवायचं नाही.' शेजारी कोणी सांगितलं, कधी आणि का, तेही नोंदव. टेस्टिंगवाल्याला तो नियम लागतो, तुला सहा महिन्यांनी 'का' लागेल.

काही गोष्टी मालक मागणारच नाहीत, त्या तूच मांडायच्या. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर लागतो. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात. कोणी "गिऱ्हाइकाचं कार्ड सेव्ह करून ठेवा" म्हणालं, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला कार्डाचा नंबर साठवता येत नाही, टोकन, म्हणजे त्या नंबराऐवजीचा बदली क्रमांक, वापरावं लागतं. जीएसटीसाठी त्यांच्या सीएंना पहिल्याच आठवड्यात बैठकीत बसव. ताज्या आंब्यावर कर नाही आणि डबाबंद आमरसावर आहे, हे आम्हाला बिल छापताना कळलं.

बदल येतील, त्यांचा राग मानू नकोस. आमच्याकडे ऐन फेब्रुवारीत दर आठवड्याला पेटी घरपोच देण्याची योजना आली. मी नाही म्हटलं नाही. कागदावर लिहिलं, किती दिवस लागतील ते लिहिलं आणि काकांना विचारलं, "हे घेतलं तर पेमेंट आणि बुकिंगपैकी काय मागे ठेवू?" त्यांनी क्षणात ती योजना पुढच्या हंगामावर ढकलली. तुमचा हंगाम लग्नसराईचा. त्याच्या पहिल्या दिवशी जे नसेल तर साडी विकली जाणार नाही, तेवढंच 'हवंच'मध्ये धर. बाकीच्याची वेगळी यादी ठेव, आणि ती त्यांना दिसेल अशी ठेव.

सोमवारी त्यांच्या दुकानात जाशील तेव्हा लॅपटॉप बॅगेतच राहू दे. गादीच्या कडेला बस, चहा घे, गिऱ्हाइकं येऊ देत. वहीचा फोटो काढण्याआधी परवानगी माग. आणि रात्री मला फोन कर. त्यांच्या वहीत कुठले रकाने आहेत, ते मला ऐकायचंय.

तुझी,
ताई