होडीच्या टू-स्ट्रोक मोटरला ऑइल कुठलं?

प्रश्न : शापोरा नदीत मासेमारीसाठी 15 हॉर्सपॉवरची टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे लावायची मोटर) वापरतो. आजवर पेट्रोलमध्ये मोटारसायकलचं टू-टी ऑइल घालत आलो. प्लग सारखे काळे पडतात, सकाळी दोरी ओढून ओढून खांदा दुखतो. ऑइल बदलायचं तर कसं? जुन्यातच नवं घातलं तर चालेल? (एक वाचक, शिवोली)

उत्तर : डब्यावर ‘टीसी-डब्ल्यू3’ (पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक मोटरच्या ऑइलचा दर्जा) छापलेलं असेल तेच घ्या. ऑइल निळं आहे की हिरवं, याला महत्त्व नाही.

मोटारसायकलचं इंजिन हवेवर थंड होतं, त्यामुळे भरपूर तापतं. त्याच्या ऑइलमध्ये त्या उष्णतेत काम करणारी धातुयुक्त द्रव्यं असतात आणि जळल्यावर त्यांची राख उरते. आउटबोर्डमध्ये नदीचं पाणी सतत फिरतं, इंजिन थंड चालतं. मग ती राख प्लगच्या टोकावर, पिस्टनच्या माथ्यावर आणि रिंगच्या खाचांत बसते. रिंग अडकल्या की कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) जातं, मोटर सुरू व्हायला त्रास देते. माथ्यावरचा थर तापून लाल झाला, तर स्पार्कच्या आधीच पेट्रोल पेटतं आणि पिस्टनला भोक पडू शकतं. टीसी-डब्ल्यू3 राखविरहित असतं. फोर-स्ट्रोकचं ऑइल मात्र चुकूनही घालू नका.

बदलताना टाकीतलं जुनं मिश्रण काढा (नदीत ओतू नका), कार्बोरेटरच्या वाटीचा स्क्रू सोडून तीही रिकामी करा, फिल्टर बदला. प्लग नवे बसवा, नाहीतर जुन्या काजळीमुळे नवं ऑइल कसं चाललंय ते कळणारच नाही. टाकीत आधी अर्धं पेट्रोल, मग मोजून ऑइल, मग उरलेलं पेट्रोल घालून नीट हलवा. प्रमाण मोटरच्या पुस्तकात बघा. 50:1 असेल तर लिटरला 20 मिली, म्हणजे 24 लिटरच्या टाकीला 480 मिली. 100:1 असेल तर निम्मं.

पाइपात राहिलेल्या थोड्या जुन्या ऑइलने बिघडत नाही. पण ऑइलची टाकी वेगळी असलेल्या मोटरमध्ये दोन जातींची ऑइलं एकत्र आली तर चिकट गाळ धरून पंपाकडची वाट बंद होऊ शकते. तिथे टाकी पूर्ण रिकामी करूनच नवं ओता. टीसी-डब्ल्यू3चे दोन वेगळे ब्रँड मात्र खुशाल मिसळा.

काही फेऱ्यांनंतर प्लग काढून बघा. फिकट तपकिरी असेल तर छान. पांढराफटक असेल तर मोटर तापते आहे. मोटरमधून बाहेर पडणारी पाण्याची पिचकारी नीट येते का आणि इम्पेलर (पाणी खेचणाऱ्या पंपाचं चाक) शाबूत आहे का, ते आधी तपासा.

प्रश्न : सुरक्षितता म्हणून ऑइल थोडं जास्तच घातलं तर? (एक वाचक, बेतुल)

उत्तर : नको. मिश्रणात ऑइल वाढलं की तेवढं पेट्रोल कमी होतं, म्हणजे इंजिनला पेट्रोल अपुरं पडून ते उलट जास्त तापतं. शिवाय प्लग ओले होतात. दुप्पट ऑइल, म्हणजे 25:1, फक्त नव्या किंवा रिंग बदललेल्या मोटरला, तेही पुस्तकात सांगितलेल्या तासांपुरतंच.

प्रश्न : पावसाळ्यात मासेमारी बंदीच्या काळात टाकीत उरलेलं मिश्रण पुढच्या मोसमात वापरावं का? (एक वाचक, केरी)

उत्तर : वापरू नका. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ते दमट हवेतलं पाणी ओढतं आणि पाणी वाढलं की तळाशी वेगळा थर धरतं. मोटरने तो थर ओढला तर सिलिंडरला ऑइल मिळत नाही. मे संपता संपता गोड्या पाण्यावर मोटर चालवून पेट्रोलचा पाइप काढा आणि ती आपोआप बंद पडू द्या. मग प्लग काढून प्रत्येक भोकात चमचाभर टीसी-डब्ल्यू3 घाला, किल-स्विचची (मोटर बंद करणाऱ्या बटणाची) क्लिप काढलेली ठेवून दोरी चार-पाचदा हळू ओढा आणि प्लग परत बसवा.