गणवेशातल्या जवानाचं तैलचित्र करतोय, मागे डोंगर आहेत. माणूस कापून चिकटवल्यासारखा का दिसतो?

माणूस आणि डोंगर दोन वेगळ्या उजेडांत रंगवले गेलेत म्हणून; आधी गणवेशात आकाशाचा रंग आणा. उघड्यावर खांदे, टोपीचा माथा, बाहीची वरची बाजू यांवर आकाशाचा निळसर उजेड पडतो, तर हनुवटीखाली आणि खिशाच्या झडपेखाली जमिनीचा उबदार रंग उलटून येतो. ट्यूबमधला तयार हिरवा सगळीकडे सारखा फासला की हे सगळं मरतं. त्यापेक्षा आयव्हरी ब्लॅक (काळा) आणि यलो ऑकर (मातकट पिवळा) मिसळा, छान ऑलिव्ह हिरवा मिळतो. उजेडाच्या बाजूला त्यात किंचित अल्ट्रामरिन (गडद निळा) आणि पांढरा, सावलीत बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी).

मग माणसाच्या आकाराच्या कडा. सावलीकडची बाही पार्श्वभूमीत विरू द्या आणि धारदार कड चेहऱ्यापाशीच ठेवा. लंडनच्या नॅशनल गॅलरीत इंग्रज चित्रकार रेनॉल्ड्सने 1787 साली केलेलं लॉर्ड हीथफील्ड या सेनानीचं चित्र आहे, ते नेटवर मोठं करून बघा: लाल कोटामागे तोफांचा काळपट धूर आहे, त्यामुळे माणूस उठून दिसतो तरी वेगळा पडत नाही. पितळी बटणांना सोनेरी रंग मात्र लावू नका; गडद तपकिरी, ऑकर आणि एकच चमकता ठिपका पुरतो. (पदकांची फीत चुकली तर फौजी माणूस पहिल्यांदा तेच दाखवतो, तेव्हा तिथे अंदाज नको.)

ज्या फोटोवरून रंगवताय तो स्टुडिओतला किंवा फ्लॅशचा असेल, तर चेहऱ्यावर उन्हाची सावली मनाने रचू नका. चेहरा तसाच ठेवून मागचं आकाश ढगाळ करा.