दुःखात देवाला जाब विचारणं ख्रिस्ती श्रद्धेत पाप मानतात का?

नाही, उलट बायबलमध्ये अशा जाबाला प्रार्थनेचीच जागा दिली आहे. स्तोत्रसंहिता या बायबलमधल्या प्रार्थनागीतांच्या पुस्तकातल्या 150 स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश विलापाची आहेत. 22वं स्तोत्र ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ असं सुरू होतं, आणि मत्तय व मार्क यांच्या शुभवर्तमानांत (येशूचं जीवन सांगणाऱ्या पुस्तकांत) वधस्तंभावरचा येशू हेच शब्द उच्चारतो. खुद्द येशूने विचारलं, तिथे भक्ताने का कचरावं? 42व्या स्तोत्रातली पाण्यासाठी व्याकुळलेली हरिणी सगळ्यांना आठवते, पण त्याच स्तोत्रात आसवंच रात्रंदिवस अन्न झाली आहेत, हे पटकन विसरलं जातं. ओढ आणि तक्रार तिथे एकाच तोंडून येतात. 88वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची ओळसुद्धा नाही. निर्दोष असूनही सारं गमावलेला बायबलमधला ईयोबही देवाशी भांडतो, तरी शेवटी देव रागावतो तो ‘तुझंच काहीतरी पाप असेल’ म्हणणाऱ्या त्याच्या मित्रांवर.

फक्त एक फरक लक्षात ठेवा: इजिप्तच्या गुलामीतून सुटल्यावर अरण्यात इस्राएल लोकांनी केलेली कुरकुर बायबलला खपत नाही. ते आपापसांत देवाविरुद्ध बोलत होते. विलाप करणारा थेट देवाशी बोलतो.