मुडदूस नसताना दिलेले व्हिटॅमिन डी

तुमची मुलगी जन्मतः नेहमीच्या लांबीची होती, दुसऱ्या वर्षानंतर उंची रेंगाळली, ती डुलत चालते आणि मुडदूस समजून सहा महिने व्हिटॅमिन डी देऊनही फरक नाही, हे वाचून मला माझ्या मुलाचे तेच वय आठवले. मी डॉक्टर नाही. तुमच्या मुलीचे निदान वेगळेही निघू शकते.

आमच्या मुलाला स्यूडोअकॉन्ड्रोप्लेजिया, म्हणजे हाडांची वाढ खुंटवणारा जनुकीय आजार, आहे. कूर्चेच्या, म्हणजे हाडांच्या टोकांशी असणाऱ्या लवचिक ऊतीच्या, पेशी 'कॉम्प' नावाचे प्रथिन बाहेर सोडतात. पाच सारख्या साखळ्या एकत्र येऊन त्याचा एक रेणू बनतो आणि तो पेशींबाहेरील जाळ्यात कोलॅजन या आधार देणाऱ्या प्रथिनाचे तंतू नीट रचायला मदत करतो. या प्रथिनाचा बराचसा भाग कॅल्शियमचे आयन धरूनच योग्य आकार घेतो. जनुकातील दोषामुळे घडी चुकली की प्रथिन पेशीतच अडकते, सोबत नवव्या प्रकारचे कोलॅजनही अडकवून ठेवते, आणि हाडाच्या वाढीच्या पट्टीतील पेशी अकाली मरतात. आहारातले कॅल्शियम वाढवून ही घडी सुधारत नाही, हे मला फार उशिरा कळले.

आमची सर्वांत महागात पडलेली चूक अशी की रक्ततपासणीत कॅल्शियम, फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फटेज (हाडांच्या घडणीशी संबंधित एन्झाइम) तिन्ही नॉर्मल असताना आम्ही दीड वर्ष डोस चालू ठेवले. मुडदुसात अल्कलाइन फॉस्फटेज सहसा वाढलेले असते. एका बाह्यरुग्ण विभागात तो कागद मी तीनदा दाखवला आणि तिन्ही वेळा "रिपोर्ट चांगला आहे, औषध चालू ठेवा" एवढेच ऐकले. रिपोर्ट चांगला असूनही मूल डुलत का चालते, हा प्रश्न कोणी विचारला नाही, आणि मीही हट्टाने विचारला नाही, याचे दुःख आजही आहे. व्हिटॅमिन डी जास्त झाले तर रक्तातील कॅल्शियम वाढून अपाय होतो, म्हणून डोस मनाने वाढवू नका.

माझे ठाम मत आहे की मनगट आणि गुडघ्यावर न थांबता कण्याचा बाजूने एक्स-रे, तसेच खुब्याच्या सांध्यांचा एक्स-रे मागावा. या आजारात लहान वयात मणक्यांच्या पुढच्या कडेला जिभेसारखे टोक दिसते. आमचे निदान तिथूनच पुढे सरकले आणि जनुकचाचणीने पक्के झाले. आई-वडील दोघेही नेहमीच्या उंचीचे असले तरी जनुकातील बिघाड मुलात नव्याने येऊ शकतो, त्यामुळे घरात कोणाला दोष देऊ नका.

कॉम्प हे प्रथिन हाडे जोडणाऱ्या अस्थिबंधांतही असते, म्हणून सांधे सैल राहतात, आणि काही मुलांची मानही अस्थिर असते. हेच निदान ठरले, तर कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांना ते सांगा आणि मानेची तपासणी झाली आहे का, हे विचारा.