भाज्यांचा रस घरी काढायला ज्यूसर घ्यावाच लागतो का?

तुमचे प्रश्न तीन: कोणता ज्यूसर घ्यावा, सकाळी काढलेला रस संध्याकाळी चालतो का, आणि वडिलांना शुगर आहे तर दुधीचा रस रोज द्यावा का. मीही सोलापूरचीच, त्यामुळे इथल्या हवेचा आणि इथल्या पाण्याचा विचार करूनच सांगते.

ज्यूसर आत्ता घेऊ नका. घरात मिक्सर आहे ना? मग झालं. बाजारात दोन प्रकार दिसतील. एक भराभर फिरून रस आणि चोथा वेगळा करणारा, तो स्वस्त. दुसरा कोल्ड प्रेस, म्हणजे सावकाश पिळणारा. त्यात रस जास्त निघतो, फेस कमी येतो, पण किंमत बरीच आणि जाळी घासता घासता नाकी नऊ येतात. बऱ्याच घरांत ही यंत्रं महिनाभर ओट्यावर दिसतात आणि मग माळ्यावर जातात. आधी दोन-तीन महिने मिक्सरवर काढून बघा. सवय टिकली तर घ्या कोल्ड प्रेस, मग पैसे वाया जाणार नाहीत.

मिक्सरची रीत सांगते. दोन मध्यम गाजरं, अर्धी काकडी, लहानसं अर्धं बीट, नखाएवढं आलं. सगळ्याचे बारीक तुकडे करा, मोठे तुकडे पात्याखाली नुसते गरगरतात. काकडी सगळ्यात आधी भांड्यात टाकून फिरवा. तिचं पाणी सुटलं की गाजर-बीट घाला, म्हणजे वरून अर्धी वाटी पाणी पुरतं. थांबत थांबत फिरवा, कडेला चिकटलेलं खाली ओढा. मग फडक्यात ओतून पिळा. टॉवेल-चादरींच्या गावात फडक्याला काय तोटा, पण टॉवेलचं नको, त्याचे धागे उतरतात. धुऊन मऊ झालेलं सुती धोतर किंवा मलमल घ्या आणि ते याच कामाला ठेवा, कारण बिटाचा डाग काही केल्या जात नाही. वरून अर्धं लिंबू, चिमूटभर जिरेपूड. साखर नको. साधारण दीड ग्लास होतो.

रस शिजवत नाही, म्हणून धुण्यात आळस चालत नाही. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, आपण साठवलेलं वापरतो. भाज्या त्यात धुवा, पण शेवटचा हात पिण्याच्या पाण्याने फिरवा. गाजर-बीट ब्रशने घासा, पालेभाजी दोन-तीन पाण्यांतून काढा. मंडईत सकाळी लवकर गेलात तर भाजी टवटवीत मिळते, दुपारच्या सुकलेल्या काकडीला रस कुठला असणार? गाजराचा खरा मोसम म्हणजे गड्ड्याच्या यात्रेच्या, म्हणजे जानेवारीतल्या आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या आसपासची थंडी. तेव्हा ती गोड असतात, आवळेही मिळतात. एखादा आवळा टाकला तर लिंबू लागत नाही. उन्हाळ्यात काकडीवर भर द्या.

आता दुधी. इथे मी जरा कडक बोलते. प्रत्येक दुधीचा एक तुकडा आधी कच्चाच चाखा. किंचितही कडू लागला तर तो दुधी थेट कचऱ्यात. कडवटपणा कुकुरबिटासिन नावाच्या विषारी द्रव्यांमुळे असतो. लिंबू, मध किंवा दुसरा रस मिसळून चव झाकली तरी विष तिथेच राहतं, आणि भाजी शिजवली तरी जात नाही. असा रस पिऊन आपल्या देशात माणसं दगावली आहेत. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, यावर तज्ज्ञांची समिती नेमली होती. तिनेही आधी चाखा, कडू असेल तर फेका आणि दुसऱ्या रसात मिसळू नका, असंच सांगितलं. रस घेतल्यावर उलट्या, जुलाब, पोटात मुरडा सुरू झाला तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. त्यावर उतारा नाही, उपचार लक्षणं बघूनच होतात. ‘कडू तेवढं औषधी’ म्हणणारे व्हिडिओ बघितले की माझं डोकंच फिरतं. काकडीही अशीच चाखून घ्या.

वडिलांसाठी गाजर-बिटाचा भरलेला ग्लास नको. चोथा काढला की तंतू गेले, साखर मात्र रसात राहिली आणि ती रक्तात लवकर उतरते. काकडी, न कडवट दुधी, थोडी कोथिंबीर असा अर्धा ग्लास ठीक, तोही डॉक्टरांना विचारून. औषधं चालू असताना कुणाच्या सांगण्यावरून काही बदलू नये. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर रसातलं पोटॅशियम बाधू शकतं. मुतखडा होऊन गेला असेल तर पालक-बीट टाळा. रक्त पातळ करायची वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर पालकाचा रस मनाने सुरू करू नका. आणि बीट घेतल्यावर लघवी लालसर दिसली तर घाबरू नका, काही जणांना तसं होतं.

ठेवण्याचं म्हणाल, तर काढला की प्या. हवा लागली की क जीवनसत्त्व कमी होत जातं आणि चवही उतरते. अगदीच वेळ नसेल तर लिंबू पिळून काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा, फ्रिजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी संपवा. मे महिन्यात पारा बेचाळिसच्या पुढे गेलेला असताना लाइट बराच वेळ गेली, तर तो रस ओतून द्या. गाजराचा रस उपाशीपोटी घ्यायचा हट्टही नको. त्यातलं बीटा कॅरोटिन, म्हणजे ज्याचं शरीरात अ जीवनसत्त्व होतं ते द्रव्य, अंगी लागायला थोडं तेल-तूप लागतं, आणि नाष्ट्याला शेंगाचटणी-भाकरी असली की ते आपसूक होतं.

गाजर-काकडीचा चोथा टाकू नका. ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, तीळ, लसूण-मिरचीचा ठेचा घालून धपाट्यांना घ्या. पीठ भिजवताना पाणी बेताचं घाला, चोथ्यातच ओल असते. नाहीतर धपाटं फडक्यावर थापताना फाटतं.