थरच्या वाळवंटात निघण्याआधी

गोव्यात दोनापावलाला जहाजावरून मोजलेल्या गुरुत्वाकर्षणाचा डेटा हाताळलास, ते उपयोगी पडेलच. पण आता गुरुत्व विमानातून मोजायचंय, आणि विमान जहाजापेक्षा खोडकर रे बाबा! त्याच्या हेलकाव्यांचं त्वरण हजारो मिलिगॅल (गुरुत्व मोजायचं बारीक एकक), आणि वाळूखाली दडलेल्या खोऱ्याची खूण मोजक्या मिलिगॅलची. ते हेलकावे जीपीएसवरूनच वजा होतात, म्हणून जमिनीवरचा बेस रिसीव्हर, म्हणजे एका जागी ठेवलेला जीपीएस, आधी स्वतः तपास. उंचीत एक मीटर चुकलास तर सुमारे ०.३ मिलिगॅल गेले.

उड्डाण पहाटेच. ऊन चढलं की हवा उसळते.

बूगे दुरुस्तीत, म्हणजे जमिनीच्या उंचसखल भागातल्या खडक-वाळूचं गुरुत्व वजा करताना, सगळीकडे २.६७ ग्रॅम प्रति घनसेंमी घनता ठोकू नकोस. कोरडी वाळू १.६-१.७ची असते; नाहीतर खालच्या भूरचनेऐवजी वाळूच्या टेकड्याच नकाशात उमटतील. डेटातला गोंगाट गाळणारा फिल्टरही बेतानं लाव, गुळगुळीत नकाशावर साहेब खूश होतात, पण छोटे भ्रंश (खडक सरकून पडलेल्या भेगा) पुसले जातात.